खूण नसलेली मेंढरं

३ फेब्रुवारी

रातभर डोळ्याला डोळा न्हाय. माजी लेक परी झोपली — नवलच! आठ महिन्यांत पयल्यांदा सलग झोपली, आणि मीच जागी. तिच्या बाजूला पडून पत्र्याकडं बगत व्हते.

कारण अजू. माजा धाकटा भाऊ, अजिनाथ. सप्टेंबरपासनं इंग्लंडला शिकायला हाय. आमच्या गल्लीत सगळी लंडनच म्हणत्यात. तो म्हणतो, अक्का, लंडन न्हाय गं, कोव्हेंट्री. आता ते कुटं का असंना! काल दुपारी त्येचा फोन आला. आई कशी हाय, परी काय करतीया, सगळं इचारलं. मग हळूच म्हणला, "अक्का, हितं आपला बिरुदेव हाय का, त्येचे काय पैसे यायचेत. त्येच्या खात्याला काय तरी अडचण हाय. माज्या खात्यावर घेतो, दोन दिवसांनी फुडं पाठवायचे. त्यातलं थोडं तुला ठेव, म्हणला."

असं सांगितलं जशी काय वाटीभर साखर उसनी द्यायचीया!

मी म्हणलं, नगं. तर म्हणतोय, "अगं त्यात काय एवढं? मेंढरं मिसळल्यावाणी हाय." तेवढ्यात परी रडाया लागली, तिकडं त्येची बस आली. फोन बंद.

मेंढरं मिसळल्यावाणी. तो आप्पाच्या, आमच्या बापाच्या, मागं फिरत वाढला, त्येला दुसरं काय सुचणार. आप्पा मेंढरं घेऊन लांब लांब जातो. वाटेत आपल्यातला कोण भेटला, अंधार पडला, त्येच्याकडं मेंढरं कोंडायची जाळी न्हाय — तर त्येची मेंढरं आपल्या जाळीत घ्यायची. न्हाय म्हणायची रीतच न्हाय.

पण मी शिवूचं बगितलंय. शिवू आमच्या ह्यांच्यासंगं टावेलच्या कारखान्यात कामाला. दोस्ताला आपलं खातं वापराया दिलं, कार्डासकट. दिवाळीत पोलीस दारात! म्हणं त्या खात्यावरनं लोकांचे फसवलेले पैसे फिरले. पगार अडकला, तारखा अजून चालू. बायको बाळंतीण व्हती त्येची. ती ओल्या अंगानं चौकीच्या पायरीवर बसलेली मी बगितली.

हितं असलं तर पळत तरी जाता येतं. अजूच्या मागं तितं कोण हाय?

४ फेब्रुवारी

फोन लागंना. परीला दात येतोय, दिवसभर काखंत. टावेलच्या कडा शिवायच्या तशाच पडल्यात. सासूबाई म्हणल्या, "तुज्या भावाला दात यायचाय का लेकीला? तोंड बग तुजं."

६ फेब्रुवारी

लागला! सकाळी मीच लावला. तिकडं अजून उजाडायचं व्हतं. झोपेतच म्हणला, "काय झालं? आप्पा बरा हाय न्हवं?"

म्हणलं, आप्पा बरा हाय, तू सांग, पैसे घेतलेस का त्येचे?

"अजून न्हाय. उद्या सांगतो म्हणलोय."

देवा! तेवढं ऐकलं आणि माज्या जीवात जीव आला. मग मी सोडला न्हाय त्येला. म्हणलं, अजू, रातीला दुसऱ्याची मेंढरं जाळीत घेतली तर सकाळी येगळी कशी करतोस? म्हणला, खुणंवरनं. कानाला, पाठीवर रंग असतो की. म्हणलं, मग पैशाला कुटं रंग असतोय? एकदा तुज्या खात्यावर आला म्हंजे तो तुजाच. चोरीचा असला तर चोर बी तूच.

 मग म्हणला, "अक्का, कॉलेजात पयल्या दिवशी हेच सांगितलं व्हतं गं. खातं कुणाला वापराया देऊ नका. बँक खातं बंद करती, मग दुसरी कुठली बँक बी दारात उभी करत न्हाय. पोलिसाचं येगळंच. पण मी म्हणलं ते गोऱ्या चोरांचं हाय. बिरुदेव आपला हाय."

आपला हाय, ह्यात खोटं काय न्हाय. माढ्याकडचा. अजू उतरला तवा हाच घ्यायला आला. खोली ह्यानंच दिली, गोदामातलं काम ह्यानंच बगून दिलं. घरी पैसे पाठवायला बी तोच. अजू तितं त्येच्या हातात पौंड देतो, हितं माज्या खात्यावर रुपये पडत्यात. मोडनिंबला त्येचा भाऊ हाय, तो टाकतो. बँकेची फी न्हाय, काय न्हाय. आईच्या डोळ्याचं औषध त्यातनंच चाललंय. आप्पा बी असंच करतो की! लोकरीचे पैसे लांब कुटं तरी आपल्या माणसाच्या वाड्यावर देतो, आणि इकडं त्या माणसाच्या घरनं आईच्या हातात. कागुद न्हाय, सही न्हाय. जलम गेला, कधी चुकलं न्हाय.

म्हणून तर अजूला तोंडावर न्हाय म्हणाया जड जातंय. मी म्हणलं, माजं नाव घे. सांग, बहिणीनं शपथ घातलीया.

"व्हय. सांगतो."

फोन ठेवला आणि टावेलच्या कडा शिवायला बसले.

८ फेब्रुवारी

आज रविवार. गल्लीतल्या बजाबाई आल्या, रेश्माला घेऊन. रेश्मा त्येंची धाकटी, नर्सिंग झालंय. आता तिचंबी इंग्लंडचं जमलंय, पुढल्या शिक्षणाला. "तुजा भाऊ हाय की तिकडं, सांग हिला काय काय असतंय." मी सातवी शिकलेली, ती एवढी शिकलेली, आणि ती वही-पेन घेऊन माज्यासमोर बसली! मला हसू आलं. पण सांगितलं की सगळं. पाच महिने अजूचं ऐकतीया, माजं तोंडपाठ झालंय.

म्हणलं, पयलं म्हंजे उतरल्या उतरल्या पैसा हातात येत न्हाय. खातं उघडायलाच दिवस जात्यात. तवर पुरंल एवढं इथनंच घेऊन जा. खात्याला कॉलेजचं पत्र लागतं, तू कुटं राहतीस ते लिवलेलं. ते पयल्याच आठवड्यात माग. अजू लाजला मागायला, सगळ्यांच्या मागं राहिला.

बजाबाई मधीच, "तवा न्यावा का गं भाकरीचा? जड व्हतोय."

मी म्हणलं, न्या की. तवा नेला तर पोटाला खर्च कमी.

मग काम. शाळा चालू असली की आठवड्याला वीस तास, त्येच्या वर एक मिनिट न्हाय. दोन ठिकाणी काम केलं तर दोन्हीचं मिळून वीस, हितं वीस आणि तितं वीस असं न्हाय चालत. आठवडा सोमवारी सुरू, रविवारी संपला. मालक म्हणंल, ह्या आठवड्यात जास्त कर, पुढल्या आठवड्यात कमी कर. न्हाय म्हणायचं! त्येचं काय जातंय, व्हिसा तुजा जातोय.

"आणि ती पोरं सायकलवर जेवण पोचवत्यात, ते?" रेश्मानं इचारलं. हुशार हाय.

ते तर अजिबात न्हाय. ते स्वतःचा धंदा केल्यागत धरत्यात. शिकायच्या व्हिसावर धंदा चालत न्हाय. दुसऱ्याच्या नावावर करतो म्हणणारी बी पोरं असत्यात, अजूच्या वर्गातल्या एकाला त्यातनं परत यावं लागलं. आई-बापाला तोंड कसं दाखवलं आसंल त्येनं.

पगाराची चिठ्ठी जपून ठेव. रोख हातात देतो, चिठ्ठी नगं, म्हणला की समज, तास बी कमी दाखवणार आणि पैसा बी. टॅक्सचा नंबर काढायला कुणाला पैसे देऊ नगं, तो फुकट मिळतोय. सरकारी माणूस बोलतोय, आत्ता पैसे भर न्हायतर धरून नेतो, असा फोन आला की ठेवून दे. आणि खोली डोळ्यांनी बगितल्याबिगर भाडं द्यायचं न्हाय, फोटो कितीबी चांगला असूदे.

आणि सगळ्यात मोठं — खातं तुजं, कार्ड तुजं, कुणाच्या हातात न्हाय. आपला असला तरी. आपला असला तर जास्तच न्हाय!

रेश्मानं ते दोनदा खाली रेघ मारून लिवलं.

जाता जाता म्हणली, "वैनी, मग घरी पैसे कसे पाठवायचे?" मी म्हणलं ते सोपं हाय गं. आपल्यातला माणूस बग तिकडं, अजू सांगंल. त्येला तितं द्यायचे, हितं आईला मिळत्यात.

सासूबाई मागनं म्हणल्या, "लंडनची कलेक्टर हाय आमची सून." पण चहात साखर जास्त घातली व्हती त्येंनी. खूश झाल्या की घालत्यात.

११ फेब्रुवारी

सांगितलं अजूनं! न्हाय म्हणून सांगितलं बिरुदेवला. त्यो लई बोलला म्हणं. "तुला खोली मी दिली, काम मी दिलं, आणि आता बहिणीच्या पदराआड लपतोस?"  मी म्हणलं, लप की. पदर एवढा मोठा हाय माजा.

पण गडी तिथं थांबला न्हाय. थेट आप्पाला फोन!

दुपारी आप्पाचा फोन मला. करमाळ्याच्या बाजूला हाय मेंढरं घेऊन. वारं लई, अर्दं ऐकू येत न्हाय. "काय गं, तू फूस लावलीस व्हय पोराला? बिरुदेव रडला माज्यापाशी. परमुलखात आपल्या माणसाला जाळीबाहेर ठेवायचं?"

मी परीला खाली ठेवली आणि नीट उभी राहिले. आप्पासंग बोलताना अजून बी उभी राहते मी. म्हणलं, आप्पा, तुज्या जाळीत चोरीची मेंढरं घावली तर पोलीस कुणाला धरतोय?

"जाळी ज्येची त्येला."

"मग?"

"पण मेंढराला खूण असती की."

"पैशाला दाखव."

 कुत्रं भुकलं तिकडं.  मग आप्पा हसला. "तुज्या नवऱ्याचं कसं व्हत आसंल गं! बरं, नगं घिऊ दे त्येची मेंढरं. पण येणं-जाणं मोडू नका. घरी पैसे तेवढे त्येच्याच हातानं येऊ द्या, म्हंजे त्येलाबी वाईट वाटायचं न्हाय. उद्या पोराला कायबी लागलं तर तितं तोच हाय."

हे बरोबर वाटलं मला. माणूस तोडून कसं चालंल. अजूला सांगितलं, तेवढं चालू ठेव. तो म्हणला, "व्हय, माजंबी तेच म्हणणं व्हतं."

ह्यांना रातच्याला सांगितलं सगळं. हे जास्त बोलत न्हायत. एवढंच म्हणले, "शिवूला तवा तू भेटायला पायजे व्हतीस."

१३ फेब्रुवारी

झोपले! मेल्यागत झोपले.

अजू कॉलेजच्या हापिसात गेला व्हता. पोरांच्या अडचणी ऐकायला एक बाई बसत्यात तितं. त्येंनी रागावलं न्हाय. म्हणल्या, न्हाय म्हणलास ते चांगलं केलंस, असं लई पोरांच्या बाबतीत व्हतंय, खोली बदल. वर्गातल्या एका केरळच्या पोराबरोबर राहायला गेला बी. गादी खाली टाकून झोपतो, पण मोकळं वाटतंय म्हणला. मी म्हणलं, त्या बाईस्नी माजा नमस्कार सांग. तर म्हणतोय, "अक्का, त्येंनी तुजं नाव लिवून घेतलं. म्हणल्या, बहीण काय करती? मी म्हणलं, बँकेत हाय."

मेल्या! कडा शिवते म्हणून सांगायला काय झालं?

लई हसलो दोघंबी.

आणि आज फोनवर मेसेज आला, पैसे पडले. परीचं जावळ काढायचंय, मामाच्या मांडीवर बसवून काढायचं असतंय, मामा तर तिकडं. म्हणून मामानं निदान पैसे पाठवले. महिना झाला बिरुदेवच्या हातात देऊन, आज आले. बग, भांडण झालं तरी त्येनं अडकवले न्हायत. आप्पाचं खरं. माणूस वाईट न्हाय, नुसता हावरा हाय.

परीला नवा झबला, बायकांस्नी जेवण. आईला हितं कुंभारीला बोलवायचं. अजूला फोनवर दाखवायचं सगळं.

आता काय बी यिऊ दे. मला कळतंय सगळं.

१५ फेब्रुवारी

शिवरात्र. उपास. पैसे काढायला गेले, मशीननं कार्ड घेतलंच न्हाय. दोनदा घातलं. सुट्टी हाय म्हणून आसंल. उद्या बँकेत जाते. आई आली संध्याकाळच्या गाडीनं, येताना रताळी घेऊन आली. परी तिच्या नथीला सोडत न्हाय.

१६ फेब्रुवारी

बँकेतनं आत्ता आले. घाईत लिवतीया, अक्षर बगू नका.

खातं बंद केलंय माजं. बाई लई शांत बोलल्या. दुसऱ्या राज्यातल्या कुठल्या म्हाताऱ्याला फोनवर भेव घालून पैसे काढले, त्यातले माज्या खात्यावर आलेत. शुक्रवारचेच. परीच्या जावळाचे. मी म्हणलं, न्हाय ओ, माज्या भावानं पाठवलेत. त्येंनी संगणकाची काच माज्याकडं फिरवली. दर येळंला येगळंच नाव. कुठल्या कुठल्या मुलखातली माणसं. मोडनिंबच्या त्या भावाचं एकबी न्हाय. अजूचं तर न्हायच. अजूचे पौंड बिरुदेवकडंच ऱ्हायले, हितं माज्या खात्यावर चोरीचे रुपये पडले.

मेंढरं माज्याच जाळीत व्हती. पयल्यापासनं.

मी सोलापूरला सायबर पोलिसाकडं चाललीया. बाई म्हणल्या, ते यायच्या आत तुमीच जाऊन सांगा. परीला घेऊन जातीया, ती माज्या अंगावर पिते. मला ठेवून घेतलं तर ती संगं असूदे. फोन तितं द्यावा लागंल, सगळे मेसेज त्यातच हायेत. एकबी पुसला न्हाय. हे कारखान्यात, आईला आणि सासूबाईस्नी वाचता येत न्हाय. म्हणून हितं लिवून वही उघडीच ठेवतीया.

अजूचा फोन लागत न्हाय, गोदामात आत गेला की कपाटात ठेवून घेत्यात. आज त्येचा पगार हाय. सुटला की तो बिरुदेवला पौंड द्यायला जाणार. मीच सांगितलंय, चालू ठेव म्हणून.

हे जो कोण वाचंल त्येनं रेश्माला सांगा, पैसे पाठवायचं मी सांगितलं ते खोड म्हणावं. बँकेतनंच पाठव, फी गेली तर जाऊ दे.

आणि अजूला फोन करा. नंबर दाराच्या मागं खडूनं लिवलाय. लागंना तर परत लावा, लागंपर्यंत लावा. सांगा, एकबी पौंड देऊ नगं. बिरुदेवला भेटू नगं. काय बी पुसू नगं. त्या कॉलेजच्या बाईकडं आत्ताच्या आत्ता जा आणि हेबी सांग, सगळं सांग. अक्का पळाली न्हाय, सांगायला गेलीया. तू बी जा.

आधी त्येला फोन करा. माजं मागनं बगा.